डोक्याला गंभीर मार लागलेलं मूल घरी येतं तेव्हा

दुचाकीवरून, गच्चीवरून, झाडावरून किंवा जिन्यावरून पडून मेंदूला इजा झालेली, काही दिवस आयसीयूत आणि मग वॉर्डात काढून घरी आलेली साधारण ४ ते १५ वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. औषधं आणि ऑपरेशनं डॉक्टर बघतात. घरात काय करायचं, किती करायचं आणि कुठे थांबायचं, हे इथे सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. टाके निघाले, मूल चालायला-बोलायला लागलं, की घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ते बरं झाल्यासारखं दिसतं. आत मात्र मेंदूला पूर्वी सहज जमणाऱ्या कामाला कितीतरी जास्त कष्ट पडत असतात, आणि तो लवकर थकतो. हा थकवा बाहेरून आळस, हट्ट किंवा उर्मटपणा वाटतो. तो ओळखता आला आणि दिवस त्याच्या मापाने बेतला, तर जेवण, व्यायाम, बोलणं, अभ्यास सगळ्यालाच वाव मिळतो. तो ओळखला नाही, तर महागड्या थेरपीचाही निम्मा उपयोग वाया जातो.

घरी निघण्यापूर्वी वॉर्डातून काय घ्यायचं

डिस्चार्ज कार्डावर अपघातानंतरचा जीसीएस, म्हणजे शुद्ध किती होती याचं माप, लिहिला आहे का ते बघा. ३ ते १५ असा हा आकडा असतो. ८ किंवा त्याहून कमी असेल तर इजा तीव्र, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य धरतात. मूल किती दिवस बेशुद्ध होतं आणि शुद्धीवर आल्यावर किती दिवस गोंधळलेलं होतं, हेही लिहून मागा. चार वर्षांनी शाळेत अडचण आली, तर तपासणाऱ्या तज्ज्ञाला सगळ्यात आधी हीच माहिती लागते, आणि तोवर जुने कागद मिळत नाहीत. सीटी-एमआरआयच्या फिल्म्स, सीडी, मुलाचं वजन आणि अपघाताची पोलीस नोंद असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) क्रमांक, हे सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा.

नर्सकडून औषधांचा तक्ता करून घ्या: नाव, किती मिलिग्रॅम, म्हणजे किती मिली, किती वाजता, कधीपर्यंत. भरवायची नळी, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला केलेलं छिद्र) किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असेल, तर ते काम नर्ससमोर स्वतःच्या हाताने तीन-चार वेळा करून दाखवा. नुसतं बघून घरी आलेला माणूस पहिल्याच रात्री अडतो. घरातल्या किमान दोघांनी शिकायचं, कारण एकटी आई रात्रंदिवस हे पेलू शकत नाही.

ताबडतोब दवाखान्यात कधी

हे कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देवघराजवळ चिकटवा, म्हणजे आजी-आजोबांनाही दिसेल.

- वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, उठवूनही नीट न उठणं
- एक बाहुली मोठी दिसणं, नव्याने तिरळेपणा, हातापायातली ताकद कमी होणं, बोलणं अडखळणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, ताप आणि मान आखडणं
- कवटीचं हाड काढलेलं असेल आणि ती जागा फुगून टणक लागत असेल
- मेंदूतलं पाणी वळवायला शंट बसवला असेल आणि उलट्या, गुंगी, चिडचिड एकत्र सुरू झाली असेल

हाड काढलेल्या जागी मूल बसल्यावर खड्डा पडलेला दिसतो. तसा तो पडणारच, घाबरू नका. त्या कुशीवर झोपवायचं नाही. मूल उभं राहू लागलं की हेल्मेट कधी घालायचं ते न्यूरोसर्जनकडून ठरवून घ्या. काढलेलं हाड कधीकधी पोटाच्या कातडीखाली ठेवतात. तसं केलं असेल तर तिथे मालिश नको आणि घट्ट नाडी नको.

आकडी आली तर

घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड द्या, गळ्याजवळचं बटण सोडा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, दात उघडायचा प्रयत्न करू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. ती आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. डॉक्टरांनी आकडी थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा दिला असेल, तर तो कधी आणि किती वेळा मारायचा हे आधीच कागदावर घ्या. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, श्वास नीट येत नसेल किंवा ही पहिलीच आकडी असेल, तर १०८ला फोन करा. जमलं तर कोणीतरी मोबाइलवर चित्रण करा. डॉक्टरांना वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

आकडीचं औषध मनाने बंद करायचं नाही. अचानक बंद केल्याने येणारी आकडी अनेकदा आधीच्यांपेक्षा मोठी असते. घरात नेहमी आठवड्याचा जादा साठा ठेवा. गावी किंवा लग्नाला जाताना औषध विसरणं, गणपती-नवरात्रातलं जागरण आणि ताप, ही आकडी परत येण्याची नेहमीची कारणं. फेनिटोइन हे आकडीचं पातळ औषध बाटलीच्या तळाशी बसतं. बाटली हलवली नाही तर सुरुवातीचे डोस कमी आणि शेवटचे जास्त जातात. याच औषधाने हिरड्या वाढू शकतात, म्हणून दात नीट घासून घ्या. लेव्हेटिरासिटाम या आकडीच्या दुसऱ्या औषधाने काही मुलं खूप चिडचिडी होतात. औषध सुरू झाल्यापासून स्वभाव बदलला असेल तर तारखेसह सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

डोकेदुखीसाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल चालेल म्हटलं असेल, तर नेहमीचं माप किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, २४ तासांत चारच डोस. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम होतात. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिली, ५ मिलीत १२५चं असेल तर १२ मिली. बाटली बदलली आणि मिली तेच ठेवले, की डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. चमच्याने देऊ नका, सिरिंजने मोजा. आठवड्यातून दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागत असेल तर गोळ्या वाढवण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा, कारण सततच्या गोळीनेही डोकं दुखू लागतं.

भरवणं

घरी आल्यावर सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया मुलाला पुन्हा वॉर्डात नेतो. गिळण्याचे स्नायू आणि त्यांची वेळ साधणारा मेंदू, दोन्ही मंद झालेले असतात. म्हणून पातळ पदार्थ सगळ्यात अवघड. पाणी घशात इतक्या भरकन उतरतं की श्वासनलिका मिटायच्या आत ते तिच्यात शिरतं. भेटायला येणारे प्रेमाने नारळपाणी आणि ज्यूस आणतात, आणि अशा मुलाला नेमकं तेच सोसत नाही.

स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी केल्यावर ती ठरवून देईल तोच घट्टपणा पाळा. साधारण क्रम असा असतो: आधी एकजीव आणि घट्ट, म्हणजे घोटलेला गुरगुट्या भात, नाचणीची घट्ट खीर, कुस्करलेलं केळं, घट्ट दही. मग मऊ पण जरा चावावं लागेल असं, मऊ खिचडी, उकडलेला बटाटा. पातळ आणि घन एकत्र असलेले पदार्थ सगळ्यात शेवटी. दूध-पोळी, दुधातले पोहे, पातळ वरणात न कालवलेला भात आजारी माणसाला हलकं म्हणून आपण देतो, पण यात पाणी पुढे पळतं आणि कण तोंडात मागे राहतात. चुरमुरे, चिवडा, शेंगदाणे बरेच दिवस बंद.

भरवायची पद्धत:

१. मूल पूर्ण जागं हवं. पेंगुळलेल्या मुलाला भरवायचंच नाही, डोस किंवा जेवणाची वेळ टळली तरी चालेल. आकडीच्या औषधाची वेळ टळत असेल तर डॉक्टरांना विचारा.
२. पाठ सरळ, डोकं मध्ये, हनुवटी किंचित खाली. मांडीवर आडवं घेऊन मान मागे टाकून भरवू नका.
३. अर्धा चहाचा चमचा, जिभेच्या मध्यावर. गिळलं, मग पुन्हा कोरडं गिळायला लावायचं, मग पुढचा घास.
४. चार-पाच घासांनी "आ" म्हणायला सांगा. आवाज घरघरता किंवा पाणी भरल्यासारखा आला तर थांबा, खोकायला सांगा.
५. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण संपवायचं. उरलं तर तासाभराने. थकलेलं तोंड शेवटच्या घासांना चुकतं.
६. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा. तोंड पुसून घ्या, गालात साठलेला घास काढा.

खोकला आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न गेलं तरी खोकला येत नाही. संध्याकाळी पुन्हापुन्हा येणारा हलका ताप, छातीत घरघर, जेवताना डोळ्यांत पाणी, वजन घटणं, ही लक्षणं तितकीच महत्त्वाची.

नाकातली नळी असेल तर नाकपुडीजवळ तिच्यावर पेनाने खूण करा आणि प्रत्येक वेळी ती जागेवर आहे का बघा. खूण सरकली किंवा मूल खोकत असेल तर काही घालू नका. डोकं ३० ते ४५ अंश वर, ५० मिलीची सिरिंज, पिस्टन काढून वजनानेच खाली उतरू द्या, ढकलू नका. आधी आणि नंतर डॉक्टरांनी ठरवलेलं पाणी सोडा. वरण पातळ सुती कापडातून गाळा. साल राहिली की नळी बुजते. गोळ्या एकेक वेगळी कुटून पाण्यात विरघळवा, पण कोणत्या गोळ्या कुटायच्या नसतात ते आधी विचारा. नळी निघाली तर घरी परत घालायची नाही.

शरीर

मूल अंथरुणात असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. टाचा गादीला टेकू देऊ नका, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. पायाचा चवडा खाली वळून आखडणं सगळ्यात लवकर होतं आणि नंतर सोडवायला सगळ्यात जड जातं. पोटरी ताणण्यासाठी गुडघा सरळ ठेवा, टाच तळहातात धरा, तळवा आपल्या हाताच्या कोपरापर्यंतच्या भागावर टेकवा आणि टाच आपल्याकडे ओढत हळूहळू वर दाबा. ३० सेकंद धरा, पाच वेळा, दिवसातून दोनदा. नुसती बोटं वर दाबली तर पाऊल मधूनच वाकतं आणि पोटरी होती तशीच राहते. झटका दिला तर आखडलेला स्नायू आणखी आवळतो.

कमजोर हाताला धरून मुलाला उठवू नका. खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा निखळू शकतो. कंबर किंवा पाठीवरून आधार द्या. उभं राहायचा सराव गुडघे काटकोनात येतील एवढ्या उंच, न हलणाऱ्या स्टुलावरून करा: पाऊल मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे, मग उभं. दहा वेळा, मध्ये विश्रांती, असे तीन फेरे. घरचे प्रेमाने काखेत हात घालून उचलतात, मग सगळं काम घरच्यांचं होतं आणि मुलाचे पाय कामच करत नाहीत. हातासाठी महागडी खेळणी नकोत. दोरीला कपड्यांचे चिमटे लावणं, मटार सोलणं, कणकेचे गोळे करणं, लहान बरणीचं झाकण फिरवणं पुरेसं आहे. एकच हालचाल दिवसातून शंभर-दोनशे वेळा, पण पाच-सहा तुकड्यांत.

घोट्याचा प्लास्टिकचा स्प्लिंट दिला असेल तर आत मोजा हवाच. काढल्यावर उमटलेला लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट टोचतो आहे, दुरुस्त करून आणा. गुडघा, कोपर किंवा खुब्याचा सांधा अचानक गरम, सुजलेला आणि हलवताना दुखरा झाला तर व्यायाम थांबवून दाखवा. मेंदूच्या इजेनंतर स्नायूत हाड जमू लागण्याची शक्यता असते, आणि तेव्हा जोर लावला तर नुकसान होतं.

न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका, मूल एकटं आंघोळ करणार नाही. विहीर, तलाव, गच्ची, झाड, सायकल यावर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बंदी. डोक्याला दुसरा मार पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो.

गोंधळलेल्या मुलाशी बोलणं

शुद्धीवर आल्यानंतर काही दिवस किंवा आठवडे मूल चिडतं, नळ्या ओढतं, ओळखीच्यांना मारतं, शिव्याही देतं. बहुतेकदा हा बरं होण्यातलाच टप्पा असतो आणि त्याला नंतर यातलं काही आठवत नाही. या काळात भेटायला येणारा प्रत्येक जण वाकून विचारतो, "ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?" मूल चुकतं, घाबरतं, चिडतं. हा प्रश्न घरात बंदच करा. त्याऐवजी स्वतः सांगा: "मी मावशी. आज मंगळवार आहे. तू घरी आहेस, आई स्वयंपाकघरात आहे." आठवण तपासू नका, आठवण पुरवा. चुकीचं उत्तर दिल्यावर मेंदू तीच चूक पक्की करतो, म्हणून सुरुवातीला उत्तर आपणच द्यायचं आणि मुलाने ते नुसतं म्हणायचं.

एका वेळी एकच माणूस बोलेल, टीव्ही बंद, दोनपेक्षा जास्त पाहुणे नाहीत, तेही दहा-पंधरा मिनिटं. नातेवाईकांना दारातच सांगायला संकोच वाटतो, म्हणून व्हॉट्सअॅपवर आधीच वेळा कळवून टाका. सूचना छोटी आणि एकच: "चप्पल घाल." ती झाली की पुढची. वाक्य संपल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर बहुतेकदा सातव्या-आठव्या सेकंदाला येतं, आणि तोवर आपण प्रश्न बदललेला असतो. मग मूल पहिल्यापासून सुरुवात करतं आणि आपण म्हणतो, त्याला कळत नाही.

दिवस बेतणं

तीन दिवस नुसतं बघा आणि वहीत लिहा. मूल कोणत्या कामात किती मिनिटांनी ढिलं पडतं? थकव्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते: कोणी डोळे चोळतं, कोणाचं बोलणं जड होतं, कोणी उगाच हसत सुटतं, कोणाचा पाय जास्त फरफटतो, कोणी पेन्सिल फेकतं. समजा वीस मिनिटांनी खूण दिसते. मग काम तेरा-चौदा मिनिटांचं ठेवा आणि खूण दिसायच्या आत थांबवा. दहा-पंधरा मिनिटं शांत खोलीत पडून राहायचं. मोबाइल ही विश्रांती नाही, तेही मेंदूला कामच आहे. चार दिवस नीट गेले तर पाच मिनिटं वाढवा. एक दिवस फार छान गेला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट केलं, की पुढचे दोन दिवस हमखास बिघडतात, आणि मग घरात ‘कालपर्यंत करत होता, आज मुद्दाम करत नाही’ हे वाक्य ऐकू येतं.

अवघड काम सकाळी. दुपारी तासभर झोप, जास्त नको, नाहीतर रात्र जाते. उठणं, आंघोळ, जेवण, व्यायाम, झोप यांची वेळ आणि जागा रोज तीच. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिवसाचा तक्ता लावा, न वाचणाऱ्या मुलासाठी चित्रांचा. काम झालं की मुलानेच खूण करायची. वस्तूंच्या जागा बदलू नका. नवी माहिती लक्षात ठेवायची असेल तर सांगून लगेच विचारा, मग एक मिनिटाने, दोन, पाच, दहा मिनिटांनी. मध्ये चुकलं तर उत्तर सांगून मागच्या अंतरावर या.

ताटाकडेही लक्ष ठेवा. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे वाढतात. मूल रोज डावीकडचं तसंच ठेवत असेल, चालताना डाव्या चौकटीला आपटत असेल, वाचताना ओळीची सुरुवात गाळत असेल, तर त्याला ती बाजू दिसत नाही किंवा त्या बाजूचं भान राहत नाही. डोळ्यांची आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करा. कानाजवळचं हाड मोडलं असेल तर ऐकण्याचीही. वास येणं गेलेलं असू शकतं. अशा मुलाला जेवण बेचव लागतं, आणि गॅस गळतोय हेही कळत नाही.

राग, हट्ट आणि गप्प बसणं

कपाळामागचा मेंदूचा भाग आवर घालतो आणि कामाला सुरुवातही करून देतो. तो दुखावला की एक मूल मनात येईल ते बोलतं, दुसरं तासन्‌तास बसून राहतं. बसून राहणाऱ्याला आळशी म्हणू नका. त्याला इच्छा असते, पण सुरुवात होत नाही. वही उघडून, पेन हातात देऊन पहिला शब्द आपण लिहिला की गाडी चालू होते.

राग आल्यावर काय करायचं यापेक्षा राग येण्याआधी काय घडलं ते शोधणं जास्त उपयोगी. आठवडाभर चार रकाने भरा: वेळ, आधी काय चालू होतं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. बहुतेक घरांत दोन-तीन कारणं पुन्हापुन्हा सापडतात: भूक, गोंगाट, अचानक काम बदलणं, थकवा. काम बदलायच्या आधी पाच मिनिटं आणि मग एक मिनिट सूचना द्या. "काय हवं?" विचारण्याऐवजी दोन पर्याय द्या. भडका उडाल्यावर बोलणं बंद, आवाज खाली, बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. "असं का केलंस?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याचं उत्तर मुलाकडे नसतं. मारल्याने तर काहीच शिकलं जात नाही, कारण शिक्षा आठवून पुढच्या वेळी थांबणं हेच काम दुखावलेल्या भागाचं आहे.

भावंडांना खरं सांगा. आठ वर्षांच्या बहिणीला "दादाच्या मेंदूला लागलंय, म्हणून तो लवकर थकतो आणि ओरडतो, तुझी काही चूक नाही" एवढं कळतं. न सांगितलेलं मूल स्वतःलाच दोष देतं. आईबाबांपैकी जो जास्त वेळ सांभाळतो, त्याला आठवड्यातून ठरलेली सुट्टी मिळालीच पाहिजे. फार खचायला झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

शाळा

घरी बसून मूल अर्धा तास वाचन-लेखन करू शकलं, विश्रांतीनंतर पुन्हा अर्धा तास, आणि संध्याकाळी डोकं दुखलं नाही, की शाळेचा विचार करा. त्याआधी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांना भेटा. सोबत डॉक्टरांचं एका पानाचं पत्र न्या. त्यात निदानापेक्षा काय करायचं ते असावं. सुरुवातीला रोज दोनच तास, मधल्या सुट्टीपर्यंत. दर आठवड्याला जमेल तसं वाढवा. शाळेकडून मागायच्या गोष्टी:

- पुढचा बाक, खिडकी आणि दारापासून दूर, जिना टाळायला तळमजल्याचा वर्ग
- फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील किंवा सोबत्याच्या वहीचा फोटो. ऐकणं, बघणं आणि लिहिणं एकदम करणं या मुलांना फार जड जातं
- दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं, आणि डोकं टेकवायला एक शांत जागा
- दहा गणितांऐवजी चार. चार बरोबर आली तर संकल्पना कळली
- खेळाच्या तासाला बसून राहण्याची मुभा, वर्गात एक ठरलेला सोबती
- रोजचा निरोप वहीत लेखी, मुलाकडून तोंडी नको

शाळेने मानलं नाही तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाचं केंद्र) समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना भेटा. दहावी-बारावीला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ यांसाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेमार्फत जातो. परीक्षेच्या तोंडावर तो होत नाही.

कागद आणि कुठे जायचं

थोडक्यात सांगतो. रुग्णालयात असतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या सरकारच्या मोफत उपचार योजनेच्या आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर शोधून उपचार करणाऱ्या) केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि थेरपी होते. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, आणि वाणी-श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, या सरकारी जागा आहेत. अपंगत्व टिकून राहिलं तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मेंदूची इजा वेगळी लिहिलेली नाही, त्यामुळे चालणं, बोलणं, दृष्टी, बौद्धिक क्षमता अशा ज्या ज्या अडचणी आहेत त्या प्रत्येकीची तपासणी मागा, नाहीतर फक्त पायाची टक्केवारी लागते. ४० टक्क्यांपासून बहुतेक सवलती सुरू होतात. अपघात वाहनाचा असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायची मुदत २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर सहा महिन्यांची आहे. वकिलाला लवकर भेटा, पण मुलाचं अपंगत्व नीट तपासून व्हायच्या आत तडजोडीवर सही करू नका.

स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन मेंदू दुरुस्त करतो, असं सांगून लाखो रुपये मागणारे भेटतील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मेंदूच्या इजेवर हा मान्य उपचार नाही, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. तेच पैसे दोन वर्षांच्या फिजिओ आणि स्पीच थेरपीला पुरतील. घरगुती किंवा आयुर्वेदिक काही द्यायचं असेल तर आकडीच्या औषधांशी जुळतं का, हे डॉक्टरांना नाव सांगून विचारा.

पुढची वर्षं

‘लहान आहे, लवकर भरून येईल’ हे अर्धंच खरं आहे. ज्या क्षमता अपघाताच्या वेळी तयारच झाल्या नव्हत्या, त्यांची उणीव त्या लागतील तेव्हाच दिसते. सहाव्या वर्षी पडलेलं मूल दुसरीत ठीक वाटतं आणि पाचवीत, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आल्यावर, गडबडतं. आठवी-नववीत बीजगणित, लांब उत्तरं आणि मैत्रीतले बारकावे आले की पुन्हा. तोवर अपघात सगळे विसरलेले असतात आणि मुलावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का बसतो. म्हणून पाचवीत आणि आठवीत जाण्याआधीच्या उन्हाळ्यात न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या क्षमता तपासणारा मानसतज्ज्ञ) स्मृती, लक्ष, विचारांचा वेग आणि नियोजन यांची तपासणी करून घ्या. जाताना ती जुनी फाइल, अपघाताआधीची आणि नंतरची प्रगतिपुस्तकं, आणि सध्याच्या दोन-तीन वह्या न्या.

दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन तारीख घालून लिहा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीला धक्का बसला असेल तर वाढ थांबते, वयात येणं फार लवकर किंवा फार उशिरा होतं, सतत दमल्यासारखं वाटतं. खूप तहान आणि सारखी लघवी हेही त्याचंच लक्षण असू शकतं, आणि ते दिसलं तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात रक्त-लघवीची तपासणी करायची.

दुचाकीवर मूल पुन्हा बसेल तेव्हा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, आणि ते मुलाच्या मापाचं हवं. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम एक बोट जावं, आणि डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबरच हलावं. अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला थर दबलेला असतो, ते पुन्हा वापरू नका.